न ऐकताच दिलेला निकाल

काळ ही चाळणी आहे, सकस संगीत तिच्यात टिकते आणि जे विसरले गेले ते बहुधा विसरण्याच्याच लायकीचे होते, हा समज दुर्लक्षित अल्बमांविषयी फार घट्ट रुजला आहे. जुन्या तबकड्या आणि कॅसेटी शोधून पुन्हा प्रकाशित करणे म्हणजे निव्वळ संग्राहकांची हौस, हे मत त्यातूनच निघते. ते मान्य करायचे, तर विसरलेले संगीत आधी लोकांच्या कानांवर पडले होते, हे दाखवावे लागेल. जे धान्य चाळणीत पडलेच नाही, ते चाळले गेले असे कसे म्हणणार?

डेट्रॉइटचे गायक सिक्स्टो रॉड्रिगेझ यांचा ‘कोल्ड फॅक्ट’ १९७० मध्ये आला. अमेरिकेत तो जवळजवळ खपलाच नाही. पुढच्या वर्षीचा दुसरा अल्बमही पडला आणि रॉड्रिगेझ जुनी घरे पाडण्याच्या मजुरीवर गेले. त्यांना अमेरिकी श्रोत्यांनी नाकारले, असे म्हणून हा विषय इथेच मिटवता आला असता. पण ‘कोल्ड फॅक्ट’ हा अल्बम वर्णद्वेषी राजवटीतल्या दक्षिण आफ्रिकेत गोऱ्या तरुणांच्या घराघरांत वाजत होता. तिथल्या सरकारी नभोवाणीच्या संग्रहातील प्रतीवर ‘शुगर मॅन’ या गाण्याच्या जागी टोकदार वस्तूने ओरखडे ओढलेले आढळले. ते गाणे कुणाला प्रसारित करताच येऊ नये, याची ती तजवीज होती. ज्या गाण्याला सत्ता एवढी भिते, त्यात दम नव्हता असे म्हणणे टिकत नाही. गायक केव्हाच वारला, अशीच चाहत्यांची समजूत होती. एका गाण्यात आलेल्या डिअरबॉर्न या गावाच्या नावाचा धागा धरून त्यांचा माग काढला गेला आणि १९९८ मध्ये रॉड्रिगेझ दक्षिण आफ्रिकेच्या रंगमंचावर उभे राहिले. गुणवत्ता हा एकच निकष असता, तर एकाच तबकडीचे दोन देशांत दोन निकाल लागले नसते.

काळ उशिरा का होईना न्याय देतोच, हे त्याच समजाचे मवाळ रूप. इंग्लंडचे निक ड्रेक १९७४ मध्ये वयाच्या २६ व्या वर्षी गेले. त्यांचा १९७२ चा ‘पिंक मून’ असंख्य श्रोत्यांपर्यंत पोचला तो पाव शतकानंतर, एका मोटारीच्या जाहिरातीमुळे. कलावंताला ज्याचा उपयोग नाही आणि जो जाहिरातदाराच्या निवडीवर अवलंबून आहे, त्याला न्याय म्हणणे हा शब्दाचा गैरवापर आहे.

मुंबईचे चरणजीत सिंग हे हिंदी चित्रपटसंगीतातले अनुभवी वादक. १९८२ मध्ये त्यांनी ‘सिंथसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ हा अल्बम केला. भैरव, ललित, तोडी, यमन, मालकंस असे दहा राग, आणि साथीला तीनच जपानी यंत्रे : रोलँड कंपनीचा ज्युपिटर-८ सिंथेसायझर, टीआर-८०८ हे तालयंत्र आणि टीबी-३०३ ही खर्जाची साथ करणारी चंदेरी पेटी. या पेटीत सुरावट आधी भरून ठेवायची आणि मग ती तशीच फिरत राहते. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोयही तिच्यात आहे. मींडेवर वाढलेल्या कानाला ही सोय परकी वाटत नाही. यंत्राचा ठेका तसूभर हलत नाही आणि त्याच्यावर रागाची बढत मोकळी फिरते, हा ताण या अल्बमचा प्राण आहे. तरीही तो चालला नाही. रागदारीच्या श्रोत्याला यंत्राचा ठेका रुचण्यासारखा नव्हता आणि डिस्कोच्या श्रोत्याला त्यात गाणारा गळा नव्हता. दुकानातल्या कुठल्याच कप्प्यात तो नीट बसत नव्हता.

एका डच संग्राहकाच्या हाती ही तबकडी लागली आणि २०१० मध्ये ती पुन्हा निघाली. तेव्हा मात्र दुसऱ्या टोकाचा दावा सुरू झाला : शिकागोतल्या ‘अॅसिड हाउस’ या नृत्यसंगीताचा जन्म मुंबईत झाला! तोही खोडून काढायला हवा. शिकागोत ‘फ्यूचर’ या चमूने ‘अॅसिड ट्रॅक्स’ १९८७ मध्ये काढले, ते तीच टीबी-३०३ वापरून. पेटी एक आणि तिच्यातून सुचलेल्या वाटा दोन, एवढाच अर्थ त्यातून निघतो. शिकागोच्या वादकांनी मुंबईची तबकडी ऐकली होती, याला आधार नाही. शिवाय या दाव्याने सिंग यांचा मान वाढत नाही. त्यांचा यमन परदेशी प्रकाराचा पूर्वज म्हणून मोलाचा ठरवला, तर तो यमन म्हणून ऐकायचा राहूनच जातो.

‘शोध’ हा शब्दही जपूनच वापरावा लागतो. रॉड्रिगेझ यांच्यावरच्या २०१२ च्या माहितीपटाला ऑस्कर मिळाले. पण १९७९ आणि १९८१ मध्ये त्यांनी ऑस्ट्रेलियात दौरे केले होते, याचा त्यात उल्लेख नाही. कलावंत हरवलेला दाखवायचा, तर तो ज्यांना ठाऊक होता ते श्रोते पुसून टाकावे लागतात.

पुनर्शोध कसा असावा, हे हैलू मर्गिया यांच्या कथेत दिसते. अदिस अबाबाच्या हिल्टन हॉटेलात वाजवणाऱ्या वालियास बँडचे ते कीबोर्डवादक. १९८१ मध्ये बँडबरोबर ते अमेरिकेत आले आणि तिथेच राहिले. १९८५ मध्ये त्यांनी एकॉर्डियन, सिंथेसायझर आणि तालयंत्र घेऊन एकट्याने एक कॅसेट केली. पुढे ते वॉशिंग्टनच्या परिसरात टॅक्सी चालवू लागले. गाडीच्या डिकीत कीबोर्ड असे. एक भाडे सोडले की दुसरे मिळेपर्यंत तो काढायचा आणि गाडीतच बसून रियाज करायचा, हा त्यांचा परिपाठ. जुन्या कॅसेटींचे संग्राहक ब्रायन शिम्कोविट्झ यांना ती कॅसेट इथिओपियातल्या बहिर दार शहरात मिळाली. कॅसेट मिळाल्यावर ते वादकाच्या शोधाला लागले, त्यांच्याशी बोलले आणि त्यांच्या संमतीने २०१३ मध्ये ती पुन्हा प्रकाशित केली. मालकी कुणाची, पैसा कुणाला आणि कलावंत हयात असेल तर त्याचे म्हणणे काय, ही चौकशी पुनःप्रकाशनाच्या कामाचा निम्मा भाग आहे. ती टाळून काढलेला अल्बम ही दुसऱ्यांदा झालेली उपेक्षाच. मर्गिया पुन्हा मैफलींना उभे राहिले. २०१८ मध्ये ‘लाला बेलू’ हा त्यांचा नवा अल्बम आला, तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती.