दहावीनंतरची वाट कोण ठरवितो?

दरवर्षीं मे-जूनच्या सुमारास दहावीचा निकाल लागतो. घरोघर पेढे वांटले जातात, आणि पुढच्या आठ-पंधरा दिवसांत आमच्या शेतकरी व कारागीर कुटुंबांतून एक मोठा निर्णय होऊन जातो. 'होऊन जातो' असें आम्ही मुद्दाम म्हणतों. कारण तो विचार करून घेतलेला क्वचितच असतो. बैल घ्यावयाचा तर आमचा कुणबी दोन बाजार फिरतो, दांत पाहतो, औताला जुंपून पाहतो, चार जाणत्यांस विचारतो, आणि मगच कनवटीचा पैसा सोडतो. पण पोटच्या पोरानें कोणती शाखा धरावी व कोणते विषय घ्यावे, हें मात्र 'शेजारच्यानें घेतले म्हणून', 'गुरुजी म्हणाले म्हणून', नाहीं तर 'एस.टी. तेथवरच जाते म्हणून' ठरतें. बैल फार तर दहा वर्षें राबतो. ह्या निर्णयाचें ओझें मूल जन्मभर वाहतें. म्हणून आज ह्या विषयावर स्पष्ट लिहिणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

सध्यांचा शिरस्ता पाहा. गुण भरपूर पडले तर विज्ञान, मध्यम पडले तर वाणिज्य, कमी पडले तर कला, आणि कसाबसा पार पडला तर आय.टी.आय. मुलाचा कल कोणता, त्याला पुढें व्हावयाचें काय, घरची ऐपत किती, हें कोणी विचारीत नाहीं. जातींची उतरंड मोडण्यासाठीं आमच्या वाडवडिलांनीं जन्म वेंचला, आणि आम्ही त्याच घरांत शाखांची नवी उतरंड रचून बसलों!

त्यांतही दोन आंधळेपणा आहेत. एक बाहेरचा. सुताराच्या किंवा लोहाराच्या मुलास गणितांत चांगले गुण असले तरी त्याची गुणपत्रिका न पाहतां 'तुझ्या हातांत उपजत कसब आहे, तूं आय.टी.आय.ला जा' असें सांगणारे शहाणे आजही भेटतात. दुसरा आंधळेपणा घरचा. ज्या मुलास यंत्र उघडण्याची खरी हौस आहे, त्याला बाप म्हणतो, 'आम्ही हत्यार धरलें तेवढें पुरे. तूं खुर्चीवर बस.' पहिला जन्मावरून धंदा ठरवितो. दुसरा धंद्याची लाज धरून मुलाची आवड मारतो. दोन्हींचें फळ एकच: विचारावयाचें तें मुलालाच कोणी विचारीत नाहीं.

वाचकहो, शाखेची निवड ही मानापमानाची गोष्ट नव्हे. कोणतें दार उघडें ठेवावयाचें व कोणतें लावून घ्यावयाचें, एवढाच तिचा अर्थ आहे. उघडें दार सर्वांस दिसतें. लागलेलें दार मात्र दोन वर्षांनीं कपाळ आपटल्यावर दिसतें. विज्ञान घेऊन बारावी झालेला मुलगा पुढें कला किंवा वाणिज्याच्या पदवीकडे वळूं शकतो. कला घेतलेल्यास विज्ञानाकडे वळतां येत नाहीं. विज्ञानांतसुद्धां एकच दार नाहीं. इंग्रजी, आणखी एक विषय बहुधा भाषेचा, आणि चार ऐच्छिक विषय, अशी बारावीची मांडणी असते. कित्येक मुलें भीतीनें गणित सोडतात, कित्येक आळसानें जीवशास्त्र सोडतात. अभियांत्रिकीची सी.ई.टी. भौतिक, रसायन व गणित ह्या गटाची असते. वैद्यकीच्या 'नीट' परीक्षेस व बी.एस्सी. नर्सिंगला जीवशास्त्र लागतें. एन.डी.ए.मधून नौदलांत किंवा हवाई दलांत जावयाचें तर बारावीस भौतिक, रसायन व गणित पाहिजे. बी.फार्मसीची व शेतकीच्या पदवीची वाट मात्र गणित किंवा जीवशास्त्र, दोन्हींपैकीं कोणत्याही गटानें जाते. ज्याचा निश्चय झालेला नाहीं त्यानें गणित व जीवशास्त्र दोन्ही ठेवावीं. श्रम जास्त पडतील, पण दोन्ही दारें उघडीं राहतील. 'द्विलक्षी' म्हणून इलेक्ट्रॉनिक्स, संगणकशास्त्र, पीकशास्त्र असे २०० गुणांचे विषय आहेत. ते चांगले आहेत. परंतु ते एका भाषेच्या व एका ऐच्छिक विषयाच्या जागीं येतात. तेव्हां कोणता विषय सुटला, तें आधीं विचारून घ्यावें. वाणिज्यांतही 'गणित कीं चिटणिसाची कार्यपद्धती' असा पर्याय असतो. सोपा म्हणून दुसरा घेणाऱ्यानें लक्षांत ठेवावें कीं, संगणकाच्या कित्येक पदव्यांस बारावीचें गणित मागतात.

आतां हातकामाच्या शिक्षणाकडे वळूं. ह्या वाटेस 'खालची' म्हणणाऱ्यांनीं जरा बोटें मोडून हिशेब करावा. दहावीनंतर बारावीचीं २ वर्षें व अभियांत्रिकीचीं ४, मिळून ६ वर्षें. दहावीनंतर तंत्रनिकेतनाची पदविका ३ वर्षांची. तेथून पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षांत प्रवेश मिळतो, म्हणजे आणखी ३ वर्षें, मिळून ६. वेळ तितकाच! फरक एवढाच कीं, घरीं अडचण आली व मध्येंच शिक्षण थांबलें, तर पहिल्या वाटेवरच्या मुलाजवळ बारावीचा कागद असतो. दुसऱ्याजवळ तिसऱ्या वर्षाअखेर पोट भरणारी पदविका असते. आय.टी.आय.मध्यें वीजतंत्री व जोडारी हे अभ्यासक्रम २ वर्षांचे, तर वेल्डरचा १ वर्षाचा आहे. दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा केलेल्या मुलास पदविकेच्या दुसऱ्या वर्षांत जातां येतें, आणि पदविकेवरून पदवीकडे. म्हणजे ही भिंत नाहीं, ही शिडी आहे. ज्या घरांत एका पावसानें वर्षाचें गणित बिघडतें, त्या घरानें पायरीपायरीवर कांहीं हातीं लागेल अशा शिडीचा विचार सर्वांआधीं करावा. मात्र ती मुलाच्या आवडीनें चढावी. जातीच्या धक्क्यानें नव्हे.

कला शाखेविषयीं आमचें म्हणणें असेंच आहे. ती कमी गुणांची धर्मशाळा नव्हे. इतिहास, भूगोल, अर्थशास्त्र, मानसशास्त्र हे विषय मन लावून शिकणाऱ्यास पुढें पांच वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम आहे, अध्यापनाची पदविका आहे, पत्रकारिता आहे. परिचारिकेचा तीन वर्षांचा जी.एन.एम. अभ्यासक्रमसुद्धां कोणत्याही शाखेच्या बारावीनंतर करतां येतो. राज्यसेवेच्या परीक्षेस कोणतीही पदवी चालते. परंतु 'कला घेऊं, मग स्पर्धापरीक्षा देऊं' एवढ्यावर सारा संसार टांगून ठेवूं नये. मोजक्या जागांसाठीं लाखों मुलें बसतात आणि ऐन उमेदीचीं वर्षें खोलीच्या भाड्यांत व खानावळींत सरतात. परीक्षा जरूर द्यावी. पण दुसरें एखादें कसब हातीं ठेवून द्यावी.

तीच गोष्ट डॉक्टरकीच्या वेडाची. २०२४ सालीं 'नीट'ला २३ लाखांहून अधिक मुलें बसलीं, एम.बी.बी.एस.च्या जागा साऱ्या देशांत मिळून एक लाखाच्या थोड्या वर. म्हणजे सुमारें वीस मुलांमागें एक जागा. लातूरच्या शिकवण्यांचें नांव महाराष्ट्रभर आहे, आणि तेथें राहून कित्येक गरिबांचीं मुलें डॉक्टर झालीं, हें नाकबूल करण्याचें कारण नाहीं. पण क्लासच्या फलकावर निवडल्या गेलेल्या मुलांचीं छायाचित्रें असतात, उरलेल्यांचीं नसतात. शेत गहाण टाकण्यापूर्वीं बापानें त्या उरलेल्यांची चौकशी करावी. आणि मुलगा त्यांत राहिला तर त्याच विषयांवर नर्सिंग, फार्मसी, शेतकी ह्यांपैकीं कोणती वाट धरावयाची, तें अकरावींतच ठरवून ठेवावें. म्हणजे अपयश आलें तरी मूल खचत नाहीं.

आणखी एक अडचण मराठी शाळेंतून येणाऱ्या मुलांची. दहावीपर्यंत मायबोलींत शिकलेला हुशार मुलगा अकरावी विज्ञानाचीं इंग्रजी पुस्तकें उघडतो आणि आपण मूर्ख आहों, असें समजून बसतो. तो मूर्ख नाहीं. शब्द नवे आहेत. निकालाची वाट पाहण्यांत जाणारे उन्हाळ्याचे दोन महिने त्यानें ह्या शब्दांशीं ओळख करण्यांत घालविले, तर अर्धी भीति सरते. हें त्याला सांगणारें मात्र कोणी पाहिजे.

आतां सर्वांत कठीण गोष्ट बोलतों. खेड्यांतील पुष्कळ कनिष्ठ महाविद्यालयांत नुसती कला शाखा असते. कारण तिला प्रयोगशाळा लागत नाहीं व खर्च थोडा येतो. मुलगा सायकलीवर, मोटारसायकलीवर तालुक्यास जातो. मुलगी गांवांत राहते. तिला जीवशास्त्रांत कितीही गोडी असो, तिची शाखा तिच्या बुद्धीनें ठरत नाहीं, एस.टी.च्या शेवटच्या फेरीनें ठरते. जोतीराव फुल्यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें निवेदन देऊन बहुजनांच्या शिक्षणाकडे होणाऱ्या दुर्लक्षाबद्दल सरकारास जाब विचारला, आणि प्राथमिक शिक्षणांत हिशेब व शेतकीचें ज्ञानही असावें, अशी मागणी केली. शाहू महाराजांनीं १९०१ सालीं कोल्हापुरांत मराठा विद्यार्थ्यांसाठीं बोर्डिंग काढलें, व पुढें निरनिराळ्या जातींच्या मुलांसाठीं वसतिगृहांस आश्रय दिला. गांव लांब असेल तर मुलाची राहण्याची सोय करावयाची, पण विद्या सोडावयाची नाहीं, हा त्यांचा धडा. त्या काळीं विद्येची किल्ली दुसऱ्यांच्या हातीं होती. आज पुष्कळ शिक्षणसंस्था बहुजनांच्याच पुढाऱ्यांच्या हातीं आहेत. मग आपल्याच लेकीबाळींस प्रयोगशाळा व वसतिगृह कां मिळूं नये, ह्याचें उत्तर ह्या पुढाऱ्यांनीं दिलें पाहिजे. कमान मोठी बांधली म्हणजे शाळा मोठी होत नाहीं.

२०२५ सालापासून अकरावीचा प्रवेश साऱ्या राज्यांत ऑनलाइन झाला. अर्जांत महाविद्यालयांचा व शाखांचा पसंतीक्रम द्यावा लागतो, आणि आमच्या घरांतून तो बहुधा सेवा केंद्रावर बसलेला इसम भरतो. तो भला माणूस असेल; पण तो बटणें दाबणारा आहे, तुमच्या मुलाचा पालक नव्हे. पसंतीक्रम घरीं बसून, मुलाला व मुलीला विचारून कागदावर लिहावा, आणि मगच केंद्रावर जावें.

दाखल्यांचेंही तसेंच. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर, आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांस लागणारें जातपडताळणीचें प्रमाणपत्र, ह्यांच्या मागें बारावीच्या निकालानंतर धांवूं नये, अकरावी-बारावींतच लागावें. कागदावांचून हातची जागा गेलेलीं मुलें थोडीं नाहींत. २०२४-२५ पासून, वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या इतर मागास, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल घटकांतील मुलींस सरकारी प्रवेशप्रक्रियेनें मिळालेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालें आहे. 'मुलीच्या फीला पैसा कोठून आणूं?' असें म्हणणाऱ्या बापानें आधीं ही सवलत नीट विचारून यावी.

गुरुजींस आमची विनंती आहे कीं, दहावीच्या मुलांची व त्यांच्या आईबापांची एक सभा दिवाळीपूर्वीं घ्यावी. तींत गांवचा वीजतंत्री, परिचारिका, तलाठी, शेतकी पदवीधर ह्यांस बोलवावें. ते कोणत्या वाटेनें आले, तें त्यांच्या तोंडून मुलांस ऐकूं द्यावें. सरकारास सांगणें आहे कीं, मुलींच्या वेळेप्रमाणें एस.टी. सोडणें व तालुक्यास मुलींचें वसतिगृह चालविणें ह्यास उपकार समजूं नये. आणि आईबापांस एवढेंच सांगणें कीं, निकालापूर्वीं एके रात्रीं जेवणें झाल्यावर मुलाला, आणि मुलीलाही, जवळ बसवून तीन प्रश्न विचारा: तुला काय आवडतें? ही वाट कोठें जाते? आणि ही धरली तर कोणतें दार लागतें? ह्या तीन प्रश्नांस पैसा पडत नाहीं. ते न विचारल्यानें पडणारी किंमत मात्र आमच्या मुलांनीं पुष्कळ भरली आहे. आतां आणखी भरूं नये.