वडील कर्नल नसतील तर?

७ ऑगस्ट २०२१ च्या सकाळी या देशातल्या असंख्य लोकांनी आयुष्यात पहिल्यांदा गोल्फ पाहिला. बर्डी म्हणजे काय आणि बोगी म्हणजे काय, हे ठाऊक नसलेली माणसंसुद्धा टीव्हीसमोर बसली होती. जागतिक क्रमवारीत २००व्या स्थानावर असलेली आदिती अशोक टोकियो ऑलिम्पिकमध्ये चार दिवस पदकाच्या शर्यतीत टिकली आणि अवघ्या एका फटक्याने मागे पडून चौथी आली. त्याच संध्याकाळी नीरज चोप्राने भाल्यात सुवर्णपदक मिळवलं आणि सकाळचा गोल्फ आपण विसरून गेलो. त्यात नीरजचा काही दोष नाही. दोष आपल्या कौतुकाच्या पद्धतीचा आहे. मुलगी जिंकली की आपण तिच्या जिद्दीवर भाषणं ठोकतो, पण ती ज्या फाटकातून आत गेली ते फाटक कोणाकोणासाठी उघडं होतं, हे विचारत नाही.

ते विचारायला हवं. माझं म्हणणं साधं आहे. भारतात गरीब मुलाला गोल्फपर्यंत नेणारी एक अरुंद का होईना, वाट आहे. गरीब मुलीला तीही नाही. आणि ही वाट काढणं नगरसारख्या जिल्ह्यात अगदी शक्य आहे.

मुलांची वाट म्हणजे कॅडीची. श्रीमंतांच्या पिशव्या वाहायच्या, त्यांचे चेंडू शोधायचे, मैदान रिकामं झालं की मोडक्या स्टिकने चार फटके मारून बघायचे. १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकणारा अली शेर हा दिल्लीतला कॅडी होता. एस. एस. पी. चौरसियाचे वडील रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबमध्ये हिरवळ राखायचे, आणि मुलाने २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षं इंडियन ओपन जिंकली. आता अशाच वाटेने आलेल्या एखाद्या बाईचं नाव आठवून बघा.

बायकांची जी नावं आठवतात, त्यांच्या वाटा वेगळ्या आहेत. आदितीच्या घरात कोणी गोल्फ खेळत नव्हतं, पण घर बंगळुरूत होतं. तिथलं गोल्फचं मैदान तिने पाचव्या वर्षी पाहिलं, आणि बघता बघता खेळायलाही मिळालं. रिओला वडील तिचे कॅडी होते, टोकियोला आई. म्हणजे मुलीच्या खेळासाठी अख्खं घर तिच्यामागे उभं राहू शकलं. दीक्षा डागर हरियाणाची. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. वडील लष्करात कर्नल आणि स्वतः उत्तम गोल्फ खेळणारे. तेच तिचे गुरू, तेच कॅडी. २०१९ मध्ये अठराव्या वर्षी तिने दक्षिण आफ्रिकेची महिला ओपन जिंकली, २०२२ मध्ये कर्णबधिरांच्या ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदक मिळवलं, आणि टोकियो व पॅरिस अशी दोन ऑलिम्पिकही ती खेळली. तिच्या कर्तृत्वाला सलाम करूनच विचारतो : हीच मुलगी, हीच गुणवत्ता, पण वडील छावणीबाहेरच्या वस्तीत राहणारे असते तर?

नगरच्या माणसाला हा प्रश्न चांगलाच कळायला हवा. आर्मर्ड कोअरचं केंद्र आपल्याकडे, मेकॅनाइज्ड इन्फन्ट्रीचं केंद्रही आपल्याकडे. लष्कराच्या हद्दीत गोल्फचं मैदान आहे. याच जिल्ह्यातल्या श्रीरामपूरने झहीर खान दिला. क्रिकेटला कुठलंही पडकं रान चालतं. गोल्फला चालत नाही. तो जिथे मैदान आहे तिथेच शिकता येतो, आणि आपल्याकडचं मैदान पहाऱ्याच्या आत आहे.

यावर ठरलेले आक्षेप येतील. पहिला, दुष्काळी जिल्ह्यात हे श्रीमंती चोचले कशाला? नवीन मैदान करा, त्याला पाणी द्या, असं कोणी म्हणतच नाही. जे आहे ते आठवड्यातून दोन सकाळी उघडा, एवढंच मागणं आहे. दुसरा आक्षेप सुरक्षेचा. नगरचं रणगाडा संग्रहालय लष्कराचंच आहे, तिथे आपण तिकीट काढून पोराबाळांसह जातो. रणगाडे दाखवता येतात, तर ओळखपत्र तपासून वीस शाळकरी मुलींना मैदानावर का घेता येऊ नये? २०२२ पासून मुली एनडीएत शिकतात. ज्या लष्कराला मुली अधिकारी म्हणून चालतात, त्याला त्या खेळाडू म्हणून जड होऊ नयेत.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात खोटा वाटतो : पिशवी उचलणं हे मुलींचं काम नव्हे. थायलंडच्या मैदानांवर कॅडी म्हणून बहुतेक बायकाच असतात. तेवढं लांब कशाला, आपल्या पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या बायका दर हंगामात ऊस तोडायला जातात. उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून त्या वर चढतात. तेव्हा कोणालाही त्यांच्या नाजूकपणाची काळजी वाटत नाही. त्याच घरातल्या सज्ञान मुलीने मोसमभर पिशवी वाहिली, त्याची रास्त मजुरी घेतली आणि संध्याकाळी खेळ शिकला, तर कोणाचं काय बिघडणार आहे?

आत गेल्यावर सगळं सोपं होतं, असंही नाही. व्यावसायिक गोल्फरला पगार नसतो. प्रवास, मुक्काम, कॅडी, प्रशिक्षक हा खर्च आधी करायचा. पहिल्या दोन-तीन दिवसांनंतर कट लागतो. त्यात वगळलं गेलं तर सहसा रिकाम्या हाताने परत. बक्षिसांतही फरक आहेच. २०२४ मध्ये पुरुषांच्या इंडियन ओपनची बक्षिसं २२.५ लाख डॉलरची होती, महिलांच्या इंडियन ओपनची ४ लाख डॉलरची. प्रायोजक दोन्हीकडे एकच. अमेरिकेतही तेच : त्या वर्षी पुरुषांच्या यूएस ओपनला २१५ लाख डॉलर, महिलांच्या स्पर्धेला १२० लाख. म्हणजे बापाची पुंजी नसलेल्या मुलीसाठी फाटकानंतरही दुसरं फाटक आहेच. म्हणून तर निदान पहिलं तरी तिला फुकट उघडून मिळायला हवं.

ज्या सेंट अँड्र्यूजच्या क्लबकडे हा खेळ आपलं माहेर म्हणून पाहतो, त्याने बायकांना सभासद करून घ्यायला २०१४ साल उजाडू दिलं. तो क्लब १७५४ चा. आपल्यालाही तेवढीच वर्षं घालवायची आहेत का?

चौंडीत जन्मलेल्या अहिल्यादेवींचं नाव आपण २०२४ मध्ये जिल्ह्याला दिलं. पाट्या बदलल्या, कागदांवरचे शिक्के बदलले. ज्या बाईने राज्य चालवलं, तिच्या नावाच्या जिल्ह्यात मुलीला एका मैदानावर पाय ठेवायला बापाचा हुद्दा लागत असेल, तर बदललेली ती फक्त पाटीच. जिल्हा क्रीडा कार्यालयाने छावणीला एक पत्र लिहावं, मुलींच्या एका शाळेचं नाव सुचवावं, दोन सकाळी मागाव्यात. त्यातून आदिती घडेलच असं नाही. पण नाही घडली, तर ते खेळून ठरेल, फाटकावर नाही.