कोर्टाची पायरी न चढणारे विधी शिक्षण

पुण्यात १९९४ मध्ये झालेल्या सात जणांच्या हत्याकांडात फाशीची शिक्षा झालेल्या एका कैद्याची सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये सुटका केली. गुन्ह्याच्या वेळी तो अवघा बारा वर्षांचा होता, हे राजस्थानातल्या त्याच्या शाळेच्या नोंदीवरून सिद्ध झाले. अल्पवयीन म्हणून त्याला फार तर तीन वर्षे अडकवून ठेवता आले असते. त्याने अठ्ठावीस वर्षे तुरुंगात काढली. त्याची बाजू लावून धरली ती दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातल्या ‘प्रोजेक्ट ३९-ए’ या गटाच्या वकिलांनी. मोफत कायदेविषयक साहाय्य ही राज्याची जबाबदारी ठरवणाऱ्या राज्यघटनेच्या अनुच्छेदावरून हे नाव घेतलेले. मानवी हक्कांचा वकील विद्यापीठात घडवायचा म्हणजे नेमके काय शिकवायचे, याचे उत्तर या खटल्यात आहे: जाहीरनाम्यातली कलमे पाठ हवीतच, पण शाळेच्या दप्तरातला एक कागद शोधून तो न्यायाधीशांच्या टेबलापर्यंत नेण्याची चिकाटीही हवी.

आपली विधी महाविद्यालये हे शिकवत नाहीत, कारण नियमच त्यांच्या आड येतो. कायदा कमी पडतो असे नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने महाविद्यालयांत विधी साहाय्य केंद्रे उभारण्यास उत्तेजन देण्याचे काम राष्ट्रीय प्राधिकरणावर सोपवले आहे. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनी मसुदालेखन, अभिरूप न्यायालय असे प्रात्यक्षिक विषय सक्तीचे केले. पण त्याच बार कौन्सिलच्या दुसऱ्या नियमानुसार पूर्णवेळ पगारी नोकरी करणाऱ्याला वकिली करता येत नाही. वकिलाने दिवसाला तीन तास शिकवलेले चालते. पूर्णवेळ प्राध्यापकाने मात्र एकाही गरिबाचा जामीनअर्ज चालवायचा नाही. मग केंद्राच्या वाट्याला उरतात ती शिबिरे, पथनाट्ये आणि भित्तिपत्रके. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण विधी महाविद्यालयांवर अशी नियमानेच लादली गेली आहे.

दुसरीकडे काम किती पडून आहे, ते पाहा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ अखेर देशातल्या ५ लाख ७३ हजार कैद्यांपैकी ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी होते, म्हणजे चारातले तीन. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार, फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि काही अपवाद वगळता, पहिल्यांदाच आरोपी झालेल्याला कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ काढल्यावर सुटकेचा मार्ग खुला होतो. पण त्यासाठी प्रत्येकाचे दिवस कुणीतरी मोजायला हवेत, कागद जुळवायला हवेत, अर्ज लिहायला हवा. तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला याहून चांगला धडा कोणता?

यावर पहिला आक्षेप असा, की गरिबाचे स्वातंत्र्य हे शिकाऊंच्या सरावाचे साधन नव्हे. आक्षेप रास्त आहे, आणि म्हणूनच युक्तिवाद करणारा अनुभवी प्राध्यापकच असला पाहिजे. वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात विद्यार्थी तपासणी शिकतो, पण उपचाराची जबाबदारी वरिष्ठ डॉक्टरांची असते. तीच घडी इथे बसवता येते. दुसरी भीती अशी, की परवानगी मिळताच प्राध्यापक वर्ग सोडून पक्षकारांमागे धावतील. त्यावर तोडगा सोपा आहे: परवानगी फक्त विधी साहाय्याच्या खटल्यांपुरती, फी न घेता आणि महाविद्यालयाच्या केंद्रामार्फतच द्यावी. तिसरा आक्षेप राजकीय आहे: अनुदानित संस्थांनी सरकारविरुद्ध उभे का राहावे? पण अनुच्छेद ३९-अ हे राज्याने स्वतःच स्वीकारलेले कर्तव्य आहे. ते पार पाडणारा सरकारच्या विरोधात नसतो, त्याच्याच कामाला हातभार लावत असतो.

त्यामुळे बार कौन्सिलने नव्या अभ्यासक्रमाच्या आधी नियमातला एवढा अपवाद करावा. मानवी हक्कांच्या पेपरात किती विद्यार्थी पहिल्या वर्गात आले, हे महाविद्यालये सांगतातच. केंद्राने वर्षभरात किती कच्च्या कैद्यांचे अर्ज दाखल केले, हेही त्यांच्या वार्षिक अहवालात छापले जावे.