डिस्क लेथवर की भंगारात?

ब्रेकची डिस्क झिजली की गॅरेजमध्ये दोनच सल्ले मिळतात: लेथ मारून घ्या, नाहीतर नवीन टाका. नवीन जालन्यात पहिला सल्ला आधी येतो. सळईच्या कारखान्यांच्या या गावात लेथ आणि टर्नर यांची वानवा नाही, शिवाय फेसिंगची, म्हणजे डिस्कचा पृष्ठभाग लेथवर सपाट करण्याची, मजुरी नव्या जोडीपुढे किरकोळ. पण काम स्वस्त पडते एवढ्यावर हा निर्णय होत नाही. तो जाडीवर होतो.

बहुतेक डिस्कच्या कडेवर किंवा मधल्या टोपीवर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो. समजा, नवी डिस्क २२ मिमी आणि किमान जाडी २० मिमी आहे. मोजल्यावर २०.९ भरली. चरे घालवायला दोन्ही बाजूंनी ०.३ मिमी काढले की उरते २०.३. नियमात बसते खरी, पण नवे पॅड संपेपर्यंत डिस्कही झिजणार, म्हणजे ती मध्येच किमान जाडीच्या खाली जाणार. अशी डिस्क लेथवर नेणे म्हणजे मजुरी वाया घालवणे. मोजायला मायक्रोमीटर हवा, तोही सात-आठ ठिकाणी. व्हर्नियरचे सपाट जबडे बाहेरच्या न झिजलेल्या कडेवर टेकतात आणि जाडी आहे त्यापेक्षा जास्त दाखवतात.

जाडीचा एवढा आग्रह उष्णतेमुळे. डिस्क बीडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची असते. गाडीचा वेग ती उष्णतेच्या रूपाने पोटात घेते. जालन्याजवळून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर कारला ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. ८०च्या तुलनेत तिथे गाडी थांबवताना सव्वादोन पट ऊर्जा जिरवावी लागते. डिस्क पातळ असली की तेवढ्याच ब्रेकने ती जास्त तापते, आणि ती उष्णता ब्रेक ऑइलपर्यंत पोहोचते.

जाडी पुरेशी असली तरी काही डिस्क लेथच्या कामाच्या नसतात. कडेपर्यंत गेलेली चीर दिसली की विषय संपला. निळसर-काळे डाग अतितापाने कडक झालेले असतात. ते खोलवर असतात, वरून घासले तरी पुन्हा उंचवटे होऊन वर येतात. उलट, पावसात उभ्या गाडीच्या डिस्कवर धरलेला तांबूस गंज चार वेळा ब्रेक दाबला की जातो. त्यासाठी लेथ कशाला?

सर्वाधिक गफलत होते ती ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरते तेव्हा. ‘डिस्क वाकली’ असे निदान होते आणि ती लेथवर जाते. पुष्कळदा दोष हबवर साचलेल्या गंजात किंवा कमी-जास्त आवळलेल्या नटांत असतो. डिस्क किंचित तिरकी बसते, फिरताना तिचा एक भाग दर फेरीला पॅडला निसटता घासतो, आणि काही हजार किलोमीटरनंतर तिथली जाडी कमी होते. मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढा फरकही पायाला आणि हाताला जाणवू शकतो. हब न घासता फेसिंग केलेली डिस्क परत बसवली, तर हेच चक्र पुन्हा सुरू होते आणि बोल मात्र टर्नरला लागतो.

टर्नरची चूकही नसतेच असे नाही. डिस्क बाहेरच्या कडेने चकमध्ये धरून एक बाजू, मग उलटून दुसरी असे काम केले, तर दोन्ही बाजू समांतर राहतील याची खात्री नाही. ज्या बैठकीने ती हबवर बसते, त्याच बैठकीने धरून एकाच बांधणीत दोन्ही बाजू काढायला हव्यात. बसवल्यावर डायल गेज लावून लचक, म्हणजे फिरताना डिस्क किती डुलते ते, पाहावी; ती साधारण ०.०५ ते ०.१ मिमीच्या पुढे चालत नाही.

तेव्हा छोट्या कारच्या पातळ, एकसंध डिस्कला लेथ क्वचितच परवडतो. मोठ्या गाडीची जाड, हवेशीर डिस्क निम्मीही झिजली नसेल, तर फेसिंग शहाणपणाचे. घासणे असो वा बदलणे, एका आसाच्या दोन्ही चाकांना सारखेच करावे आणि पॅड नवे टाकावेत. नव्या डिस्कवरचे गंजरोधक तेल आधी पुसून काढावे. पहिले दोनएकशे किलोमीटर मध्यम वेगावरून हलक्या हाताने ब्रेक दाबत पॅड बसू द्यावेत. समृद्धीवर त्यानंतर जावे.