घरगुती व्यवहार : पेरूंची पेटी

राहात्याच्या पेरूची गोडी शिरडीच्या वाटेनें गेलेल्या वाचकांस निराळी सांगावयास नको. महाराष्ट्रांत बहुधा लागणारी ‘सरदार’ अथवा ‘लखनौ ४९’ ही जात १९२७ सालीं डॉ. चीमा यांनीं पुण्याच्या गणेशखिंड बागेंत निवडली; नांव लखनौचें, पण माहेर पुण्याचें! असो. प्रश्न हें नाजूक फळ परगांवीं धडपणें पोंचविण्याचा आहे.

गतवर्षीं मार्गशीर्षांत आमच्या पुतणीस डोहाळे लागले, आणि नागपुरास बसून तिला राहात्याच्याच पेरूची आठवण झाली. आम्हीं मोठ्या हौसेनें भल्या पहांटे बागेंत जाऊन पिवळेधमक पेरू निवडले, प्लॅस्टिकच्या पिशवींत बांधले, व हातीं लागलेल्या मोठ्या खोक्यांत घालून रवाना केले. “काका, पेरू फार गोड होते,” असा तिचा दूरध्वनि आला. पुढें ती बाळंतपणास आली तेव्हां कळलें कीं, खोकें उघडतांच तिला मळमळून आलें होतें व सारेंच बाहेर टाकावें लागलें होतें.

वाहतूकवाल्यांस दोष देण्यास जागा नव्हती. पेरू तोडल्यावरही श्वास घेत व पिकत राहतो. त्यांतून उष्णता व ओलावा सुटतो. बंद पिशवींत हाच ओलावा फळांवर घामासारखा बसतो आणि बुरशीस आयतें घर मिळतें. त्यांत आमचे पेरू आधींच पिकलेले, वर पहांटेचें दंव! गडद हिरवा रंग जाऊन फिकट हिरवा येतांच फळ उतरवावें, व सावलींत पसरून कोरडें होऊं द्यावें. देठ ठेवावा, पण आंखूड. लांब देठ शेजारच्या फळांत रुततो. पावसाळी बहाराचे पेरू तर पाठवूंच नयेत. फळमाशीची अळी आंत असूनही फळ वरून निर्दोष दिसतें.

खोकें फळांच्या मानानें बेताचें असावें. नालीदार पुठ्ठ्यांतील नाल्या उभ्या राहिल्या तर तो भार सोसतो, आडव्या पडल्या तर चेपतो. भार मुख्यतः चार कोपऱ्यांवर येतो. म्हणून हवेसाठीं भोकें पाडावयाचीं तीं बाजूंच्या मध्यावर, कोपऱ्यांपासून दूर. पुठ्ठा ओला झाला कीं त्याचें बळ गेलेंच. तळाशीं कोरड्या पेंढ्याची गादी करावी, प्रत्येक पेरू कोऱ्या कागदांत गुंडाळावा, आणि थर दोन, फार तर तीन रचावे. झांकण लावून खोकें हळूच हलवावें. आंत कांहीं सरकल्याचें जाणवलें तर पुन्हां उघडून मोकळी जागा कागदानें भरावी. आम्हांस हें तीनदां करावें लागलें. फळें तोडल्याची तारीख व पत्ता यांची एक चिठी आंतही ठेवावी, कारण वरचा पत्ता भिजतो.

यंदा पुन्हां पेटी नागपुरास गेली. बावीस पेरूंपैकीं दोन डागाळलेले निघाले, असें पुतणीनें या खेपेस स्पष्ट सांगितलें.