आईला बाकावर बसवू नका

या रविवारी भंडाऱ्यात ओळखीच्या एका घरातल्या मुलाचं पहिलं कम्युनियन होतं. वडील कॅथलिक, आई सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) मंडळीची. प्रभूची प्रार्थना मुलाकडून पाठ करून घेतली ती आईनेच. मिस्सात प्रसादाची वेळ झाली, अख्खं बाक उठलं आणि ती एकटी बसून राहिली. पुढे जाणाऱ्यांना वाट द्यायला तिने गुडघे एका बाजूला वळवले, मांडीवरची पर्स घट्ट धरली. मला राग आला आणि तो अजून गेलेला नाही.

फादरांना दोष देत नाही, त्यांनी नियम पाळला. एका भाकरीत वाटा घेणं ही पूर्ण ऐक्याची खूण आहे, ऐक्य नसताना ती खूण करणं खोटेपणा होईल, ही कॅथलिक भूमिका मी हलक्यात घेत नाही. पण आधी संपूर्ण ऐक्य, मग भोजन, हाच एक क्रम असतो असं मला कोणी सांगू नये. इथून साठेक किलोमीटरवर वेगळं घडलेलं आहे.

29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा चर्च मिळून सीएनआय झालं. बोलणी 1929 पासून चालू होती. अँग्लिकनांना बिशपशिवाय चर्च मान्य नव्हतं. प्रेस्बिटेरियनांचा कारभार वडीलमंडळाच्या हाती. भंडाऱ्यातलं जुनं मिशन स्कॉटिश, म्हणजे या दुसऱ्या परंपरेतलं. बाप्तिस्ट तान्ह्या बाळांना बाप्तिस्मा देत नसत, बाकीच्यांपैकी बरेच देत. अँग्लिकन वेदीजवळ तर नियमाने बिशपच्या हातून दृढीकरण झालेल्यांनाच भोजन मिळे. हे वाद मिटले का? बाप्तिस्म्याचा तर आजही मिटलेला नाही. दोन्ही पद्धती एकाच चर्चमध्ये ठेवल्या. पाळकांनी एकमेकांवर हात ठेवले, कोणाची आधीची सेवा खोटी ठरवली नाही. अमेरिकन परंपरेतले मेथडिस्ट ऐनवेळी बाहेर राहिले, तरी बाकीचे थांबले नाहीत. मतभेद घेऊनच ते एका मेजाशी बसले, आणि भंडाऱ्यातली मंडळी आजही त्याच मेजाशी बसते.

कॅथलिक नियमातही फट आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1964 मध्येच म्हटलं की सामायिक उपासनेत ऐक्याची साक्ष बघायची तशी कृपेची गरजही बघायची. 1983 च्या कायद्यात, मरणाच्या धोक्यात किंवा बिशपला तितकीच गंभीर वाटणारी गरज असताना, आपल्या पाळकाकडे जाता येत नसेल, तर प्रसादाविषयी कॅथलिकांचीच श्रद्धा बाळगून स्वतःहून मागणाऱ्या प्रॉटेस्टंटाला प्रसाद देता येतो. मिश्र विवाहातल्या जोडीदाराची भूक ही अशी गरज ठरू शकते, या विचाराने जर्मनीतल्या बिशपांनी 2018 मध्ये मार्गदर्शिका काढली. तिच्यावरून वाद झाला, पण ती निघाली. आपल्याकडे ही चर्चा बाकापर्यंत पोचतच नाही.

कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचं नाव मी इथे पुन्हा घेणार, वाचकांना सवय आहे. नागपूर-राजनांदगाव गाडीत त्यांच्या हाती नवा करार पडला. ती गाडी भंडारा रोडवरूनच जाते, आणि पहिलं पान आपल्या जिल्ह्यात उलटलं गेलं असं मी पुराव्याशिवाय मानतो. त्यांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई ख्रिस्ती झाल्या त्यानंतर काही वर्षांनी. पण जातीचा विटाळ मानणं त्यांनी त्याआधीच सोडलं होतं, कोणाच्याही हातचं खाऊ लागल्या होत्या. घरची पंगत म्हणजे प्रभूभोजन नव्हे, हे मला कळतं. तरी पंगत आधी आणि बाप्तिस्मा मागून असा क्रम त्या घराने पाहिला. पुढे 1917 मध्ये टिळकांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभारला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तशिष्यांनाही जागा होती.

जवाहरनगरच्या ऑर्डनन्स फॅक्टरीने देशभरची माणसं या जिल्ह्यात आणली. ख्रिस्ती वस्ती इतकी थोडी की अशी लग्नं होतच राहणार. म्हणून नागपूरच्या आर्चबिशपांना आणि सीएनआयच्या बिशपांना माझी विनंती आहे : या घरांसाठी एकत्र बसा, कायद्यातली सवलत कोणाला आणि कशी मागता येते ते मराठीत लिहून काढा, आणि पुढच्या पहिल्या कम्युनियनच्या आधी प्रत्येक धर्मग्रामात वाचून दाखवा.