गाडी थरथरते, पण दोष कुणाचा?

शिवारातून आणि तालुक्याच्या बाजारापर्यंत मुकाट चालणारी गाडी हमरस्त्याला लागते, काटा ऐंशीच्या पुढे सरकतो आणि गाडी थंडी भरल्यासारखी थरथरू लागते. ही तक्रार आता खेड्यापाड्यांत बरीच ऐकू येते. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाला आणि जून २०२५ मध्ये सगळा ७०१ किलोमीटरचा रस्ता वाहता झाला. अशा रस्त्यांवर गावातली गाडीही तासन् तास शंभरच्या वेगाने धावते. चाळीसच्या वेगात झाकून राहिलेला दोष तेथे उघडा पडतो.

मग सल्ले सुरू होतात. कुणी अलाइनमेंट करायला सांगतो, कुणी शॉकअब्सॉर्बर बदलायला, तर कुणी म्हणतो इंजिनाचे फाउंडेशनच गेले. एकेक भाग बदलत जातो, खिसा रिकामा होतो आणि थरथर जागच्या जागी! नाडी न पाहता औषध दिल्यावर दुसरे काय होणार? गाडीची नाडी मालकाला स्वतः पाहता येते. तिला पैसा लागत नाही, ध्यान लागते.

वेग वाढला की थरथर का?

कडबाकुट्टीचे एक पाते नवे आणि दुसरे झिजलेले असले, तर यंत्र हाताने फिरवताना काही कळत नाही. मोटर जोडली की सगळा सांगाडा हादरतो. चाकाचेही तसेच आहे. रिमच्या कडेला एकाच जागी ३० ग्रॅम वजन जास्त झाले, तर ताशी ४० किलोमीटरला ते चाकाला सुमारे पाऊण किलोच्या जोराने ओढते. वेग दुप्पट झाला की ओढ चौपट होते; ऐंशीला ती सुमारे तीन किलो भरते. लहान मोटारीचे चाक त्या वेगाला सेकंदाला साधारण १२ फेरे घेते, म्हणजे सेकंदाला बारा हिसके.

झोक्याला नेमक्या वेळी हलका हात दिला तरी तो उंच जातो. स्प्रिंगवर टांगलेल्या चाकाचाही स्वतःचा एक झोका असतो. हिसक्यांचा ताल त्याच्याशी जुळला की थरथर जोर धरते आणि वेग आणखी वाढवला की कधी कधी कमीही होते. म्हणून ‘जोरात पळवली की थांबते’ असे काहीजण सांगतात. थरथर दबली तरी दोष जात नाही. गाडी पळवणे हा त्यावरचा इलाज नव्हे.

विचारायचे चार प्रश्न

चालवणाऱ्याने नजर रस्त्यावरच ठेवावी. काटा पाहण्याचे आणि लिहून ठेवण्याचे काम शेजारी बसलेल्याने करावे.

पहिला प्रश्न : कंप कोठे जाणवतो? स्टिअरिंग हातात थरथरत असेल तर संशय पुढच्या चाकांवर घ्यावा. हात स्थिर आणि बैठक किंवा तळ हादरत असेल तर मागच्या चाकांवर.

दुसरा : ब्रेक दाबल्यावरच होतो का? तसे असेल तर ब्रेकची डिस्क किंवा ड्रम असमान झाला असण्याचा संभव मोठा. मग चाकाच्या बॅलन्सिंगवर खर्च करू नये.

तिसरा : अ‍ॅक्सिलरेटर दाबला की वाढतो आणि पाय काढला की कमी होतो का? तसे असेल तर इंजिनाची ताकद चाकांपर्यंत नेणारा भाग पाहावा. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या मोटारीत ड्राइव्ह शाफ्टचा आतला जॉइंट झिजलेला सापडतो. मागच्या चाकांवर चालणाऱ्या जीपमध्ये किंवा पिकअपमध्ये प्रोपेलर शाफ्ट आणि त्याचा ‘क्रॉस’ तपासावा.

चौथा : वेग तोच ठेवून गिअर बदलला तर काय होते? ऐंशीच्या वेगात चौथ्या आणि पाचव्या गिअरमध्ये कंप सारखाच राहिला, तर दोष चाकांच्या बाजूला. बदलला, तर इंजिनाच्या बाजूला. गाडी उभी करून इंजिन तेवढेच रेस केले आणि तेव्हाही थरथर आली, तर इंजिन व त्याचे फाउंडेशन पाहावे.

आधी फुकटचे इलाज

आपल्या गाड्यांचा नेहमीचा गुन्हेगार म्हणजे काळ्या मातीचा चिखल. ओल्या पाणंदीतून आलेल्या गाडीच्या रिमला आतल्या बाजूने चिखल धरतो आणि वाळून दगड होतो. असा १०० ग्रॅमचा गोळा ऐंशीच्या वेगाला सुमारे दहा किलोचा हिसका देतो. बाहेरून चाक चकचकीत दिसले तरी आतून हात घालून धुवावे. पुष्कळ वेळा आजार तेथेच संपतो.

मग टायर गार असताना हवा तपासावी आणि चाकाचे नट पाहावेत. टायरवरून सगळीकडे हात फिरवावा. कोठे फुगवटा किंवा उंचवटा लागला, तर आतले थर सुटलेले असू शकतात. तो टायर हमरस्त्यावर नेऊच नये, स्टेपनी लावावी. जुनी गाडी घेताना टायरची तारीखही वाचावी. बाजूवरच्या शेवटच्या चार आकड्यांत २३१९ असेल तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला समजावा. पंक्चर होऊ नये म्हणून टायरमध्ये औषध ओतले असल्यास तेही मिस्त्रीला सांगावे. त्यानेही चाकाचा तोल जातो.

चारही टायर एकाच मापाचे असतील तर त्याच बाजूचे पुढचे चाक मागे आणि मागचे पुढे लावून पाहावे. स्टिअरिंगची थरथर बैठकीखाली गेली, की चोर सापडला! चाक लावताना हबवरचा गंज व माती पुसावी, नट समोरासमोरचे आवळावेत आणि ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा एकदा आवळावेत.

एका घोटाळ्यापासून सावध राहावे. अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग ही दोन वेगळी कामे आहेत. गाडी एका बाजूला ओढत असेल किंवा टायर एका कडेने झिजत असेल तर अलाइनमेंट. ठरावीक वेगाला थरथरत असेल तर बॅलन्सिंग. एकाचे पैसे देऊन दुसऱ्याचा गुण येत नाही.

एवढे करूनही दोष राहिला तर मिस्त्रीकडे जावे. वेग किती, कंप कोठे, ब्रेकचा संबंध आहे की नाही, हे लिहिलेला कागद हाती द्यावा. जाणत्या मिस्त्रीचे निम्मे काम त्यानेच होते, आणि नको ते भाग बदलण्याची पाळी येत नाही.

शेवटी जिवाची गोष्ट. महिनोन् महिने सारखी असलेली थरथर घरी येऊन तपासता येते. पण प्रवासात ती एकाएकी सुरू झाली आणि मैलामैलाला वाढू लागली, तर नट ढिले झाले असतील किंवा टायर फुटण्याच्या बेतात असेल. अशा वेळी ‘आता थोडेच राहिले’ म्हणू नये. स्टिअरिंग घट्ट धरावे, ब्रेक जोरात न दाबता वेग उतरवावा आणि रस्त्याच्या अगदी कडेला थांबावे. मंडळींना वाहतुकीपासून दूर उभे करावे, मगच चाकाकडे जावे. लग्नाचा मुहूर्त चुकला तरी चालेल. गाडीतली माणसे सुखरूप घरी आली पाहिजेत.